बालकांची सामाजिक समज, नैतिक जाण आणि लिंगभाव-ओळख

समोरच्यालाही मन आहे हे उमगणे, बरे-वाईट ठरवता येणे आणि आपण मुलगा की मुलगी याची जाणीव होणे, या तीन गोष्टी साधारण पहिल्या सहा-सात वर्षांत आकार घेतात. बालमानसशास्त्राच्या पुस्तकांत त्यांची प्रकरणे वेगळी असतात. मुलात मात्र त्या हातात हात घालून वाढतात. तिन्ही ठिकाणी मूल एकाच खटपटीत असते. भोवतालची माणसे कुठल्या नियमाने वागतात, ते शोधून काढायचे. सांगितलेले नुसते गिरवणारे मूल प्रत्यक्षात कुठे दिसत नाही.

सहा ते आठ आठवड्यांचे बाळ माणसाचा चेहरा पाहून हसू लागते. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास ते दुसऱ्याच्या नजरेचा माग काढते आणि बोट दाखवते. हे बोट दर वेळी वस्तू मागण्यासाठी नसते. कित्येकदा त्याला फक्त ‘ते बघ’ एवढेच म्हणायचे असते. दोघांनी मिळून एक गोष्ट पाहण्याचा हा आनंद बोलण्याच्याही आधी येतो. दीड ते दोन वर्षांत मूल आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखते. दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हेही याच सुमारास कळू लागते. बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांच्या 1997 च्या प्रयोगात संशोधिकेने ब्रोकोली चाखून खुशीचा चेहरा केला आणि बिस्किटाला नाक मुरडले. मग तिने मुलापुढे हात पसरला. 14 महिन्यांच्या मुलांनी बहुतेक वेळा स्वतःला आवडणारे बिस्किटच तिच्या हातावर ठेवले; 18 महिन्यांच्या मुलांनी तिला आवडलेली ब्रोकोली दिली.

दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखणे याहून अवघड. हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी 1983 मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली : मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? अशा प्रश्नाला तीन वर्षांची मुले सहसा चॉकलेट आता जिथे आहे ते कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेकांचे उत्तर बरोबर येते. पटण्याजोगे खोटे बोलणेही याच सुमारास जमू लागते, कारण ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही हे ओळखल्याशिवाय असे खोटे रचता येत नाही. पालक अशा वेळी घाबरून जातात. मुलाच्या बुद्धीने एक पायरी चढली आहे, हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

नैतिक विचारांचा पद्धतशीर अभ्यास झाँ पियाजे यांच्या 1932 च्या ग्रंथापासून धरला जातो. नकळत धक्का लागून 15 कप फोडणारा मुलगा आणि चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडणारा मुलगा, यांत जास्त वाईट कोण? लहान मुले अनेकदा पहिल्याला दोषी धरत, मोठी मुले हेतू पाहत. पुढच्या अभ्यासांत मात्र हेतू स्पष्ट करून सांगितला, तर तीन-चार वर्षांची मुलेही तो विचारात घेतात असे दिसले. म्हणजे मुलांना कमी लेखले गेले होते. एलियट ट्युरिएल आणि ज्युडिथ स्मेटाना यांनी दाखवलेला फरक तर फारच बोलका आहे. ‘बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलेले चालेल का?’ असे विचारले तर बालवाडीच्या वयाची मुलेही सहसा ‘नाही’ म्हणतात. वस्तू ठरलेल्या जागी न ठेवण्याबद्दल विचारले तर ‘चालेल’ म्हणतात. इजा आणि रीतभात यांतली रेघ ती स्वतःच ओढतात. त्यामुळे शिस्त लावताना ‘मी सांगतो म्हणून’ यापेक्षा ‘त्याला लागलं, बघ, तो रडतोय’ हे वाक्य अधिक पोचते. अशा समजावणीचा सहानुभूतीशी असलेला संबंध मार्टिन हॉफमन यांनी मांडला.

बाळांना भले-बुरे उपजत कळते का, हा वाद मिटलेला नाही. मदत करणाऱ्या पात्राकडे बाळांचा ओढा असतो असे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो दिसला नाही.

लिंगभावाबाबत लॉरेन्स कोहलबर्ग यांनी 1966 मध्ये तीन टप्पे सांगितले. दोन-तीन वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणते. पुढे, मोठेपणीही आपण तेच राहू हे त्याला कळते. आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान, केस वा कपडे बदलल्याने हे बदलत नाही याची खात्री पटते. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे बोलतानाच ठरवावे लागते, त्यामुळे ही ओळख वाक्यावाक्याला उच्चारली जाते. सँड्रा बेम यांच्या 1981 च्या मांडणीनुसार समाज ज्या गोष्टींना लिंगाचे लेबल लावतो, त्यांभोवती मूल आपली माहिती रचते. काही मुलांची ओळख जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळत नाही. तो मानवी वैविध्याचाच भाग आहे, आजार नव्हे.

‘हे मुलींचं, ते मुलांचं’ हा हट्ट पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत कडक असतो. नियम नुकताच हाती लागलेला असतो आणि अपवाद अजून सापडलेले नसतात. पुढच्या एक-दोन वर्षांत बहुतेकांचा ताठरपणा सैल होतो. मोठ्यांच्या जगातून उचललेले समज मात्र इतक्या सहज सुटत नाहीत : अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ व्यक्ती म्हणून मुलगे पुरुषाकडे जितक्या वेळा बोट दाखवत, साधारण तितक्याच वेळा स्त्रीकडे दाखवत होत्या; सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचे हे प्रमाण घसरलेले होते.