दडलेले परके: एका काळ्या चष्म्यामागची पार्श्वभूमी

मे संपत आला होता. आंब्याच्या शेवटच्या पेट्या टेम्पोत चढल्या होत्या, पाऊस अजून लांब होता, आणि सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना रात्री करायला काही उरलं नव्हतं. देवगडजवळच्या आमच्या वाडीत, शेजारच्या खळ्यात, दोन माडांना पलंगपोस बांधून त्यांनी सिनेमा लावला. बसायला रिकाम्या पेट्या. सिनेमा होता जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाचा, १९८८ सालचा 'दे लिव्ह'.

गोष्ट सांगायला सोपी आहे. कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आलेल्या एका मजुराच्या हाती काळ्या चष्म्यांनी भरलेला खोका लागतो. चष्मा डोळ्यांवर चढवला की जगाचा रंग उडतो. जाहिरातींच्या फलकांवरची चित्रं जातात आणि पांढऱ्यावर काळे हुकूम तेवढे उरतात: आज्ञा पाळा, खरेदी करा, लग्न करा आणि पोरं काढा, झोपून राहा. नोटेवर लिहिलेलं दिसतं, हाच तुझा देव. आणि सुटाबुटातल्या काही माणसांचे चेहरे सोललेल्या कवटीसारखे दिसू लागतात. ते परग्रहावरचे. एका टीव्ही केंद्रातून सुटणाऱ्या लहरींमुळे एरवी ते आपल्याला माणसांसारखेच दिसतात.

सिनेमा संपला आणि वाद सुरू झाला. इंजिनिअरिंगला असलेला पोरगा म्हणाला, हा इल्युमिनाटीवर आहे, जग चालवणाऱ्या गुप्त मंडळावर, सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या बहिणीचं म्हणणं, छे, हा पैशावर आणि जाहिरातींवर आहे. मागे बाकड्यावर बसलेल्या आबांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण शेवटपर्यंत उठले नव्हते. ते म्हणाले, "ह्यात नवीन काय? आमच्या गावात कोण कोणाचो माणूस आसा, ता चष्मो लावल्याशिवायच कळता."

बहिणीचं बरोबर होतं, ते पुढे येईलच. पण भावाचा समज कुठून आला, हे मला जास्त खुणावत राहिलं. त्या समजाला सव्वादोनशे वर्षांचं वय आहे आणि हा सिनेमा त्यात फार उशिरा येतो.

आधी सिनेमाचंच कूळ पाहू. मूळ कथा रे नेल्सनची, 'एट ओ'क्लॉक इन द मॉर्निंग', नोव्हेंबर १९६३ मध्ये एका अमेरिकन विज्ञानकथा मासिकात आलेली. तिच्यात चष्मा नाहीच. संमोहनाच्या खेळात संमोहक शेवटी "जागे व्हा" म्हणतो आणि जॉर्ज नादा नावाचा माणूस जरुरीपेक्षा जास्तच जागा होतो. आजूबाजूला त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे मालक दिसू लागतात. नादा म्हणजे स्पॅनिशमध्ये 'काही नाही'. (आपल्याकडे नादाला लागू नको म्हणतात, तेही इथे बसतं.) १९८६ मध्ये या कथेची चित्रकथा निघाली आणि तिच्यातून ती कार्पेंटरपर्यंत पोचली. चष्म्याची भर त्याची.

नायक म्हणून त्याने घेतला रॉडी पायपर, व्यावसायिक कुस्तीतला गाजलेला खलनायक. मित्राने एकदा चष्मा घालून पाहावा म्हणून तो गल्लीत त्याच्याशी मारामारी करतो. ती साडेपाच मिनिटांच्या आसपास चालते. खळ्यातली लहान पोरं त्या वेळी पेट्यांवर उभी राहिली होती. मला विचाराल तर सिनेमातलं सगळ्यात शहाणं दृश्य तेच आहे. चष्मा फुकट मिळतोय, समोर धरलाय, आणि माणूस तो घालण्यापेक्षा मार खायला तयार आहे.

आणखी एक दृश्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. शेवटाकडे नायक आणि त्याचा तो मित्र भुयारातून एका मेजवानीत पोचतात. परके आणि माणसं एकत्र जेवतायत, भाषणं चाललीयत, नफ्याचे आकडे वाचले जातायत. तिथे त्याला भेटतो झोपडवस्तीत आपल्यासोबत राहिलेला एक फाटका माणूस, आता कडक इस्त्रीच्या काळ्या सुटात. हे दोघेही आपल्यासारखेच विकले गेलेत असं समजून तो त्यांना हौसेने सगळी जागा फिरवून दाखवतो. इथे शपथ नाही, खूण नाही, दीक्षा नाही. पगारवाढ आहे.

मग गुप्त मंडळ आलं कुठून?

इल्युमिनाटी नावाची संस्था खरोखर होती. १ मे १७७६ रोजी आजच्या जर्मनीत, बव्हेरियातल्या इंगोलश्टाट गावी अॅडम वाइसहाउप्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने ती काढली. सुरुवातीला पाच माणसं. सगळ्यांना टोपणनावं, वाइसहाउप्ट स्वतः स्पार्टाकस. पाद्र्यांचं वर्चस्व मोडायचं आणि विवेकाचं राज्य आणायचं, असा एकूण बेत. १७८४-८५ मध्ये तिथल्या शासकाने बंदी घातली, छापे पडले, आणि जप्त झालेले कागद सरकारनेच १७८७ मध्ये छापून टाकले. संस्था दहा वर्षंही धड टिकली नाही.

दोन वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि एवढी मोठी उलथापालथ झाली तरी कशी, याचं उत्तर शोधणाऱ्यांना मेलेली संस्था सापडली. जो हजर नाही त्याच्या नावावर बिल फाडणं सोपं. १७९७ मध्ये ओगुस्तँ बारुएल हा फ्रेंच पाद्री आणि जॉन रॉबिसन हा एडिंबराचा विज्ञानाचा प्राध्यापक, दोघांनी वेगवेगळी पुस्तकं लिहून एकच सांगितलं: इल्युमिनाटी संपली नाही, फ्रीमेसन या बंद दारामागे विधी करणाऱ्या बंधुमंडळाच्या आड लपली आणि राजे उलथवते आहे. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोराचे खरे गुरू हे दोघे.

फ्रीमेसन आपल्याकडेही आले. हिंदी लोकांना प्रवेश देणारं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे त्यांचं लॉज, म्हणजे शाखा, मुंबईत १८४३ मध्ये निघालं. बंद दारं, कमरेला विचित्र एप्रन, आत काय चालतं कोणालाच ठाऊक नाही. हिंदुस्थानातल्या लोकांनी अशा इमारतींना नाव ठेवलं जादूघर. किपलिंगच्या 'किम' या कादंबरीतही तो शब्द आहे. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात भीतीबरोबर थोडी चेष्टाही आहे.

खऱ्या गुप्त संघटनेचं उदाहरण हवं असेल तर कोकणाला ते जर्मनीत शोधायला नको. मॅझिनीच्या 'तरुण इटली' या क्रांतिकारी संघटनेच्या धर्तीवर १९०४ मध्ये उभी राहिलेली, शपथ घेऊन सभासद करणारी 'अभिनव भारत', आणि तिचे संस्थापक सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, धरपकड झाली, पत्रं सापडली, माफीचे साक्षीदार उभे राहिले आणि संघटनेची माहिती कोर्टाच्या कागदांत उतरली. इंगोलश्टाटचंही तेच. खऱ्या गुप्त मंडळाला फितुरी असते, पोलीस असतात, मागे कागद उरतात. ज्याचा एकही कागद कधी सापडत नाही असं मंडळ फक्त गोष्टीतच दोनशे वर्षं जगू शकतं.

कागद नसेल तर तो बनवावा लागतो, आणि तोही बनवला गेला. १९०३ मध्ये रशियात 'झ्नाम्या' या वर्तमानपत्राने ज्यूंच्या जगव्यापी कटाची म्हणून एक 'इतिवृत्तं' छापली. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने पुराव्यानिशी दाखवलं की त्यातला मोठा भाग १८६४ च्या एका फ्रेंच उपहासपुस्तिकेतून उचललेला आहे. मोरिस जोलीने ती तिसऱ्या नेपोलियनच्या विरोधात लिहिली होती आणि तिच्यात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नाही. बनावट उघडी पडली. पुस्तक मात्र छापलं जातच राहिलं, आणि त्याचं पुढे जर्मनीत काय केलं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

परग्रहावरचे इथपर्यंत कुठेच नाहीत. ते येतात १९१९ मध्ये, चार्ल्स फोर्ट या न्यूयॉर्कच्या विक्षिप्त माणसामुळे. फोर्ट वाचनालयात बसून जुनी मासिकं चाळायचा आणि विज्ञानाला न बसणाऱ्या बातम्या, आकाशातून पडलेले बेडूक, रक्ताचा पाऊस, असलं टिपून ठेवायचा. 'द बुक ऑफ द डॅम्ड' या पुस्तकात त्याने सहज सुचवलं की आपण बहुधा कुणाची तरी मालमत्ता आहोत. पुढे असंही, की ही गोष्ट पृथ्वीवरच्या काही जणांना, एखाद्या पंथाला, युगानुयुगं ठाऊक असावी, आणि कळपाच्या पुढे चालणाऱ्या घंटावाल्या मेंढ्यासारखे तेच आपल्याला हाकत असावेत. फोर्ट हे कितपत गंभीरपणे म्हणत होता याबद्दल मला शंका आहे. पण गुप्त मंडळ आणि परके मालक यांची गाठ मारली गेली ती इथे, दोन-चार ओळींत.

पुढचं काम स्वस्त कागदावरच्या मासिकांनी केलं. एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९२८ मध्ये छापलेल्या 'द कॉल ऑफ थुलू' कथेत समुद्रतळाशी झोपलेला परका आहे आणि त्याची वाट पाहणारा जगभर पसरलेला गुप्त पंथही आहे. १९३१ च्या एका कथेत त्याने व्हरमाँटच्या डोंगरात दडलेले परके आणि त्यांच्यासाठी राबणारी माणसं आणली. आणि हा धागा थेट आमच्या खळ्यापर्यंत येतो: 'दे लिव्ह'ची पटकथा कार्पेंटरनेच लिहिली, पण श्रेयनामावलीत नाव दिलं फ्रँक आर्मिटेज. आर्मिटेज हा लव्हक्राफ्टच्या एका कथेतला म्हातारा ग्रंथपाल.

१९५० च्या दशकात या साच्यात कम्युनिस्ट ओतले गेले. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५१ च्या कादंबरीत परके गोगलगाईसारखे पाठीला चिकटतात, म्हणून अख्ख्या देशाला उघड्या पाठीने फिरावं लागतं. १९५६ च्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'मध्ये गावातली माणसं एकेक करून शेंगांमधून उगवलेल्या हुबेहूब नकलांनी बदलली जातात. कोणी म्हणालं हे कम्युनिस्ट, कोणी म्हणालं छे, हे तर कम्युनिस्टांची शिकार करणारे. मूळ लेखक जॅक फिनीचं म्हणणं, ही नुसती करमणुकीची गोष्ट आहे. एकच शेंग, आणि ज्याने त्याने आपल्या शेजाऱ्याचं नाव घातलेलं.

इथे आबांचं वाक्य पुन्हा आठवतं. आमच्याकडे गावरहाटी चालवणारे बारा-पाच मानकरी असतात, निर्णय कधी देवळात कौल लावून होतात, कधी त्याआधीच कुणाच्या पडवीत होऊन गेलेले असतात. पण कोणाची पडवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दशावतारात रात्री मुकुट चढवणारा राजा सकाळी नाक्यावर रिक्षा लावून उभा दिसतो. देवळामागच्या खोलीत जमिनीवर बसून, हातातल्या आरशात बघत तो स्वतःच तोंड रंगवतो, आणि आम्ही पोरं दारातून पाहत असू. देवचार, राखणदार दिसत नसतात, तरी त्यांची हद्द ठरलेली आणि वर्षाची राखण ठरलेली. अनोळखी शहरात, जिथे शेजारचा कोण हेच माहीत नाही, तिथे शेंगांची भीती जास्त वाढत असावी.

अमेरिकेत पुढे ही भीती कथेतून निघून कागदपत्रांत शिरली. १९८४ च्या अखेरीस एका चित्रपट निर्मात्याच्या घरी टपालाने एक फिल्म आली. तिच्यावर 'मॅजेस्टिक १२' या बारा जणांच्या गुप्त सरकारी समितीचे कागद होते, परक्यांचा मामला सांभाळणारी म्हणे. (बारा! आमचे मानकरी आठवल्याशिवाय राहत नाहीत.) एफबीआयने चौकशी करून प्रतीवर मोठ्या अक्षरांत 'बनावट' असं लिहिलं. काही उपयोग झाला नाही. १९९१ मध्ये विल्यम कूपरच्या एका पुस्तकात परके, इल्युमिनाटी आणि ती १९०३ ची बनावट इतिवृत्तं, तिन्ही एकाच बांधणीत आली. १९९९ मध्ये डेव्हिड आइक या इंग्लंडच्या माजी फुटबॉलपटूने जाहीर केलं की राजघराणी आणि मोठे पुढारी हे माणसाचं रूप घेतलेले सरडे आहेत. नेल्सनच्या कथेतले सरपटणारे मालक छत्तीस वर्षांनी असे बातमी म्हणून परत आले.

त्यांच्या मागोमाग 'दे लिव्ह'ही ओढला गेला. चष्मा हे आयतंच चिन्ह मिळालं, आणि कवटीच्या जागी काहींनी ज्यूंचे चेहरे बसवले. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटरने ट्विटरवर स्वतःच लिहिलं की हा सिनेमा पैसेवाल्या तरुण नोकरदारांवर आणि बेलगाम भांडवलशाहीवर आहे. ज्यूंच्या जगावरच्या ताब्याशी त्याचा काही संबंध नाही, ती बदनामी आहे आणि खोटं आहे. मेजवानीतला तो काळ्या सुटातला फाटका माणूस नीट पाहिला असता तर हे सांगायची वेळच आली नसती.

आमच्याकडे अजून ज्यूंचे चेहरे आलेले नाहीत, परके मात्र आलेत. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीला एकाच हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब, तिच्या पोटात आणखी प्राणी आणि मासे कोरलेले. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि तेव्हापासून वाडीच्या ग्रुपवर 'हे माणसाचं काम नाही' असे मेसेज थांबलेले नाहीत. ज्यांच्या आज्यांनी त्याच सड्यावर कुळीथ वाळवले, तेच ते पुढे ढकलतात.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी त्या ग्रुपवर एक चित्र आलं. कोणी टाकलं ते सांगत नाही. 'दे लिव्ह'मधला काळा-पांढरा रस्ता, वर भलामोठा फलक, आणि 'ओबे', म्हणजे 'आज्ञा पाळा', या मूळ शब्दावर मराठीत चिकटवलेलं: 'जागे व्हा, दहा जणांना पाठवा'. पट्टी नीट बसली नव्हती. उजव्या कडेने मूळ शब्दाचं शेवटचं इंग्रजी अक्षर तेवढं बाहेर राहिलं होतं.