स्फुरद अर्थात फॉस्फरस

स्फुरद : अणुक्रमांक 15 असलेले अधातू मूलद्रव्य. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत त्याला फॉस्फरस म्हणतात. मराठवाड्यात ते ‘नत्र, स्फुरद, पालाश’ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) या खतांच्या तिकडीतले मधले नाव म्हणून माहीत आहे, आणि खताच्या दुकानात तर तेही नाव कोणी घेत नाही. तिथे ‘अठरा-सेहेचाळीस’, ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ नाहीतर नुसते ‘सुपर’ मागितले जाते. या मूलद्रव्यावाचून एकही सजीव पेशी जगत नाही. तरी त्याच्या बाबतीत एकच अडचण काळ्या रानातही भेटते आणि ज्वारीच्या दाण्यातही : ते असते, पण लागू होत नाही. या नोंदीत त्या अडचणीलाच अधिक जागा दिली आहे.

शोध व गुणधर्म : जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रांट हा किमयागार सोने करण्याच्या खटपटीत होता. 1669 मध्ये त्याने मूत्र आटवून उरलेला गाळ खूप तापवला, तेव्हा अंधारात फिकट हिरवट उजेड देणारा मेणासारखा पदार्थ त्याच्या हाती लागला. ‘प्रकाश आणणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव पडले. मराठी ‘स्फुरद’मध्येही स्फुरण्याचा, चमकण्याचा अर्थ आहे. हाडांमध्ये स्फुरद असते हे पुढे शंभरेक वर्षांनी स्वीडनमधील गान आणि शेले यांनी दाखवले.

पांढरे स्फुरद हवेत साधारण 30 अंश सेल्सिअसलाच पेट घेते, म्हणजे परभणीच्या एप्रिल-मेमध्ये सावलीतसुद्धा. म्हणून ते पाण्याखाली ठेवावे लागते. तांबडे स्फुरद त्या मानाने शांत असते. काडेपेटीच्या बाजूची तपकिरी पट्टी त्याचीच. एके काळी काडीच्या गुलातच पांढरे स्फुरद घालत. त्या कारखान्यांतल्या मजुरांची जबड्याची हाडे सडून जात. 1906 मध्ये बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्या काड्यांवर बंदी आणली.

गावाकडे रात्री शिवारात दिसणाऱ्या आग्यावेताळाचा उलगडा ‘हाडातला फॉस्फरस पेटतो’ असा हमखास सांगितला जातो. तो बरोबर नाही. हाडातले स्फुरद ऑक्सिजनशी आधीच पुरते बांधलेले असते. चुलीतली राख जशी पुन्हा पेटत नाही, तसे तेही पेटत नाही.

काळ्या रानातील स्फुरद : निसर्गात स्फुरद मोकळे सापडत नाही, ते फॉस्फेटच्या रूपात असते. नत्राचा साठा हवेत आहे आणि सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी तो जमिनीत आणतात. स्फुरदाला हवेची वाट नाही. ते खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून जनावरात नि माणसात आणि पुन्हा मातीत असे फिरते. बाजारात गेलेल्या धान्यासोबत जे गेले, ते आपण आणून टाकल्याशिवाय परत येत नाही.

मराठवाड्याची बहुतेक जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे : खोल काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त, आणि सामू (आम्ल-अल्क मोजणारा आकडा, pH) 8 च्या आसपास किंवा त्याहून वर. अशा जमिनीत एकूण स्फुरद भरपूर असले तरी पिकाला घेता येईल असे थोडेच असते. खतातून विरघळून आलेले फॉस्फेट चुन्यातील कॅल्शियमला धरते आणि हळूहळू न विरघळणाऱ्या रूपात घट्ट बसते. त्यामुळे दिलेल्या खतातले स्फुरद त्या हंगामात पिकाला जेमतेम पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी मिळते. माती परीक्षणात म्हणूनच एकूण स्फुरद न मोजता ‘उपलब्ध स्फुरद’ मोजतात. आपल्याकडच्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनींसाठी त्याची ओल्सेन पद्धत वापरतात. ती 1954 ची आहे.

स्फुरदाचा दुसरा स्वभाव असा की ते मातीत जागचे हलत नाही. युरिया पावसाबरोबर वाहतो, खाली उतरतो. स्फुरदाचा कण पडल्या जागेपासून काही मिलिमीटरच सरकतो. मुळाने त्याच्यापर्यंत जायचे असते. पेरणीच्या जुन्या पद्धतीत ही गोष्ट नीट सांभाळलेली दिसते. बैलाच्या तिफणीवर एक बाई चाड्यावर मूठ धरून बियाणे सोडते, आणि दुसऱ्या चाड्यातून खत नळीवाटे त्याच तासात, बियाण्याच्या जरा खाली किंवा शेजारी पडते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला दोन पेट्या असतात त्या याचसाठी. उभ्या पिकात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, दुकानातले ‘अठरा-सेहेचाळीस’) फेकणे हा म्हणून निव्वळ तोटा आहे. दाणे वरच्या दोन बोटांच्या थरात विरघळून तिथेच अडकतात, तो थर पंधरा दिवसांच्या उघडिपीत वाळून जातो आणि मुळे खालच्या ओलीत असतात. हे दरवर्षी, दर गावात घडते आणि त्यात गरिबाचे पैसे जातात, म्हणून इथे आवर्जून लिहिले आहे.

हिशेबाचे एक उदाहरण. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 30 किलो पालाश देण्याची शिफारस करते. म्हणजे एकरी 24 किलो स्फुरद. डीएपीच्या 50 किलोंच्या गोणीत 46 टक्क्यांनी 23 किलो येते, तेव्हा एकराला एक गोणी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये (दुकानातले ‘सुपर’) 16 टक्के असते. तिथे तेवढ्यासाठी तीन गोण्या लागतात. मात्र सुपरमधून सुमारे 11 टक्के गंधकही मिळते, आणि तेलबियांना त्याची गरज असते. मृगाच्या तोंडावर डीएपीसाठी दुकानापुढे रांगा लागतात तेव्हा सुपर आणि थोडा युरिया हा पर्याय मनाचे समाधान करण्यापुरता नाही. सोयाबीनसाठी तो खरोखर चांगला आहे. गोणीवरचे ‘स्फुरद’ हे त्याच्या ऑक्साइडच्या हिशेबाने छापलेले असते हेही ध्यानात ठेवावे. त्या 23 किलोंत शुद्ध मूलद्रव्य 10 किलोच्या आसपास भरते. 10 क्विंटल सोयाबीन बाजारात गेले तर त्यासोबत सुमारे 6 किलो शुद्ध स्फुरद रानाबाहेर जाते. दिलेले आणि नेलेले यांतला उरलेला भाग मातीतच असतो, साल दर साल साठत.

हा साठा सोडवून घेण्याचे मार्ग आहेत. स्फुरद विरघळवणारे जिवाणू (दुकानात ‘पीएसबी’) सेंद्रिय आम्ले सोडून फॉस्फेट मोकळे करतात. बियाण्याला गुळाच्या थंड पाण्यातून ते चोळून सावलीत सुकवतात. रासायनिक बुरशीनाशक आधी लावावे आणि जिवाणू शेवटी. उलटे केले तर जिवाणू मरतात. शेणखत कुजतानाही आम्ले सुटतात, म्हणून सुपर शेणखतात मिसळून देण्याची जुनी रीत योग्यच आहे. दळलेला रॉक फॉस्फेट कोकणच्या आम्लधर्मी जमिनीत कामाचा असतो, पण काळ्या चुनखडीच्या रानात तो विरघळतच नाही. माती न तपासता वर्षानुवर्षे डीएपी ओतत राहिले, तर पिकाला जस्त मिळेनासे होते.

कमतरता ओळखायला अवघड जाते, कारण पीक पिवळे न पडता उलट गर्द हिरवे दिसते. पण ते खुरटते, मुळे आखूड राहतात, फुलोरा उशिरा येतो. मक्यात खालच्या पानांच्या कडा जांभळ्या होतात.

जनावरे : देवणी आणि लाल कंधारी गाई, मराठवाडी म्हैस यांचा उन्हाळा कडब्यावर जातो, आणि वाळल्या कडब्यात स्फुरद फारच कमी असते. मग जनावर चिंध्या, चामडे, हाडे चघळू लागते, भिंत चाटते. पशुवैद्यक याला पायका म्हणतात. म्हशीत याहून गंभीर प्रकार होतो. विल्यानंतर काही आठवड्यांत दुधाचा जोर असताना रक्तातील स्फुरद घसरते, तांबड्या पेशी फुटतात आणि म्हैस काळ्या चहासारखे लाल-तपकिरी मुतते. चारा सुटतो, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, दूध आटते. बाहेरबाधेच्या शंकेने दोन दिवस घालवले तर म्हैस हातची जाते. वेळीच डॉक्टर आले, तर शिरेतून स्फुरदाचे औषध देऊन बरीच जनावरे उठतात. गव्हाचा कोंडा आणि सरकी पेंड यांत स्फुरद भरपूर असते, म्हणून गाभण जनावराला ओंजळभर का होईना, रोज द्यावे.

आहार व आरोग्य : प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 700 ग्रॅम स्फुरद असते. त्यातील 85 टक्के कॅल्शियमसोबत हाडांत नि दातांत. उरलेल्यावर बाकीचा सगळा संसार चालतो. डीएनएचा कणा, पेशीभोवतीचे आवरण आणि एटीपी हे ऊर्जेचे चलन यांपैकी काहीही फॉस्फेटशिवाय बनत नाही.

भाकरी, वरण आणि दूध खाणाऱ्याला स्फुरद कमी पडत नाही. 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 250 मिलिग्रॅम असते. पण रानातली गोष्ट इथेही आहेच. दाण्यातले बरेचसे स्फुरद फायटेट या रूपात बांधलेले असते. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव ते फोडतात. माणसाच्या आतड्याला ते फारसे जमत नाही, आणि फायटेट जाताना लोह व जस्तही धरून नेते. पीठ भिजवून आंबवले किंवा धान्याला मोड आणले, की दाण्यातलेच विकर (एन्झाइम) हे कुलूप काढते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला ताक घालून ज्वारीच्या पिठाची आंबील करतात. ती एका सणापुरती न राहता रोजच्या ताटात यावी.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर हिशेब उलटतो. रक्तात स्फुरद साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते. ते वाढले की अंगाला खाज सुटते, हाडांतून कॅल्शियम निघते, रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात. डायलिसिसने ते पुरेसे निघत नाही. अशा रुग्णाला डाळीपेक्षा पाकीटबंद खाणे आणि कोलासारखी पेये जास्त घातक, कारण त्यांत मिसळलेले फॉस्फेट मोकळे असते आणि जवळजवळ सगळेच अंगी लागते. स्फुरद बांधणाऱ्या गोळ्या जेवताना, घासांसोबतच घ्यायच्या असतात. त्या अन्नातल्या फॉस्फेटला धरतात, म्हणून उपाशीपोटी घेतल्या तर त्यांचा उपयोग होत नाही.

दोन विषांची माहिती घराघरात हवी. उंदीर मारण्याच्या काही पेस्टमध्ये पिवळे स्फुरद असते. ते पोटात गेल्यावर माणूस पहिला दिवस-दीड दिवस बरा वाटू शकतो, मग यकृत निकामी होते. त्यावर उतारा नाही. म्हणून ‘आता बरे आहे’ असे म्हणत घरी न थांबता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फीन वायू निघतो. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे त्या कधीही ठेवू नयेत.

पाणी व गाळ : मातीला चिकटलेले स्फुरद पहिल्या मोठ्या पावसात वाहत्या मातीबरोबर ओढ्या-नाल्यांतून तलावात जाते. त्यात गावाचे सांडपाणी मिळाले की जलपर्णी माजते. नांदेडला गोदावरीच्या पात्रात हे दिसते. उरलेले तळाशी गाळात बसते. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तो गाळ ट्रॅक्टरने रानात नेण्याची रीत जुनी आहे, आणि 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतूनही ते काम होते. हलक्या, मुरमाड रानाला अशा गाळाचा गुण येतो. मात्र टाकण्याआधी त्याचा सामू आणि चुनखडी तपासून घ्यावी लागते, कारण चुन्याचा गाळ आला तर त्याच्यासोबत आलेले स्फुरदही तिथेच अडकून बसते.