दुकानातला उजेड आणि खिडकीतले ऊन

नागपूरच्या सीताबर्डीवरील एखाद्या दुकानात ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठीचे उपकरण, आणि टॅब्लेट शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर बहुतेक ग्राहकांचा हात टॅब्लेटकडे जाईल. टॅब्लेटची स्क्रीन झगझगीत दिसते आणि ई-रीडरची मात्र वर्तमानपत्राच्या कागदासारखी करडी. यात डोळ्यांचा दोष नाही. फसवतो तो दुकानातला उजेड. चांगल्या दिव्यांच्या दुकानातही प्रकाशाची तीव्रता साधारण ५०० लक्स असते (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक). ई-रीडर आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४० टक्के परत पाठवतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा दिवा बंद असेल तर पानाची तेजस्विता ६०-६५ निटच्या आसपास राहते (निट म्हणजे पृष्ठभाग डोळ्यांना किती उजळ दिसतो ते मोजण्याचे एकक). टॅब्लेट मात्र आतल्या दिव्यांच्या बळावर ४०० ते ५०० निटपर्यंत पोहोचतो.

आता हीच दोन उपकरणे घेऊन उन्हाळ्यात संध्याकाळी नागपूरहून मुंबईकडे निघणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या शयनयान डब्यात बसावे. गाडी नैऋत्येकडे वर्ध्याच्या दिशेने धावत असते आणि उजव्या हाताच्या खिडकीतून तिरपे ऊन थेट मांडीवर येते. भर दुपारच्या थेट उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात असते. संध्याकाळचे ऊन त्याच्या दशांशावर आले तरी १०,००० लक्स उरतात. एवढ्या प्रकाशात ई-रीडरचे पान १,२०० निटच्या पुढे जाते, म्हणजे ऊन वाढेल तसे तेही उजळते. टॅब्लेट आपल्या ४००-५०० निटवरच अडकतो. शिवाय साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील सुमारे ४ टक्के आरशासारखा परतवते, त्यामुळे काळ्या अक्षरांवर आभाळाचे आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब पसरते. काळे पुरेसे काळे राहिले नाही की पांढऱ्याचा उपयोग उरत नाही. त्यातच ध्रुवीकरण करणारा गॉगल लावलेला असेल, तर टॅब्लेट आडवा-उभा फिरवताना एखाद्या कोनात स्क्रीन चक्क काळी पडू शकते, कारण अशा बहुतेक स्क्रीनमधून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि गॉगलही एकाच दिशेचा प्रकाश आत सोडतो. ई-रीडरला ही अडचण येत नाही.

ई-रीडरचे पान उन्हात उजळते, याचे कारण त्यावरील अक्षर प्रकाशाचे नसून रंगद्रव्याचे असते. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या तंत्रावर १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी उभी राहिली आणि २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या स्क्रीनचे पहिले वाचनयंत्र विक्रीला आणले. स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे असे दोन प्रकारचे कण तरंगतात आणि त्यांचे विद्युतप्रभार परस्परविरुद्ध असतात. खालच्या इलेक्ट्रोडचा प्रभार बदलला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. एकदा वर आलेले कण वीज बंद केल्यावरही तेथेच राहतात, म्हणून पान स्थिर ठेवायला वीज लागत नाही. लागते ती पान उलटताना. कणांना द्रवातून प्रत्यक्ष सरकावे लागत असल्याने पान बदलताना क्षणभर लुकलुकते आणि कधी मागच्या पानाची पुसट सावली मागे राहते. याच संथपणामुळे ई-रीडरवर चित्रपट पाहता येत नाही, आणि प्रवासात वाचनच करायचे असेल तर तो गुणच समजावा.

बॅटरीच्या दाव्यांकडे मात्र थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. ‘सहा आठवडे’ हा आकडा ऐकून टॅब्लेटचे दहा तास केविलवाणे वाटतात; परंतु किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरच्या साध्या मॉडेलचे सहा आठवडे रोज अर्धा तास वाचन आणि वाय-फाय बंद, असे धरून सांगितलेले असतात. हिशेब केला तर ते २१ तास होतात. म्हणजे फरक दुपटीचा आहे, शंभर पटींचा नाही. तरीही ई-रीडर हे काम टॅब्लेटच्या पाव हिश्श्याहूनही लहान बॅटरीवर करतो, आणि दिवसाच्या उजेडात त्याचा दिवा बंद ठेवला तर तास आणखी वाढतात. बॅटरी लहान असल्यामुळे वजनही दोनशे ग्रॅमच्या आत राहते, तर दहा इंची टॅब्लेट साधारण पाचशे ग्रॅमचा असतो. वरच्या बर्थवर उताणे पडून वाचताना डोळा लागलाच, तर हा फरक नाकाला नेमका कळतो, हे प्रस्तुत लेखक स्वानुभवाने सांगू शकतो.

नागपूरच्या उन्हाळ्यासमोर दोघेही दुबळेच ठरतात. किंडल असो वा आयपॅड, वापरासाठी सांगितलेली कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअसची आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना सहज भिडतो. टॅब्लेटमध्ये प्रोसेसर आणि स्क्रीनमागचे दिवे यांची स्वतःची उष्णता भर घालते, त्यामुळे तापलेला टॅब्लेट आधी स्क्रीन मंद करतो आणि मग काम थांबवतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्हींपैकी काहीही ठेवू नये, कारण लिथियम बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची घटते.

रात्रीच्या वाचनाबाबत जाहिरातींनी भीती जरा जास्तच पसरवली आहे. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण उजेडाच्या आयपॅडवर वाचायला दिले, तेव्हा छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. परिणाम खरा आहे, पण मंद केलेल्या स्क्रीनवर अर्धा तास वाचणाऱ्याने धास्ती घ्यावी एवढा तो नाही. शिवाय आजच्या ई-रीडरमध्येही दिवा असतोच. तो कडेने येऊन पानावर पसरतो एवढाच फरक.

मराठी वाचकासाठी यापेक्षा मोठा प्रश्न पुस्तकाच्या रूपाचा आहे. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी ई-पुस्तके मिळू लागली आणि युनिकोडमधील, म्हणजे अक्षरे चित्र म्हणून नव्हे तर अक्षरे म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीतील, अशा मजकुराची अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. जोडाक्षरे, रफार आणि उकार नीट बसतात. परंतु जुन्या मराठी ग्रंथांचा आणि नियतकालिकांचा मोठा साठा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे आणि तेथे प्रत्येक पान हे एक छायाचित्र असते. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचे पान साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस सेंटिमीटर उंच असते, तर सहा इंची ई-रीडरची स्क्रीन ९ बाय १२ सेंटिमीटरची. पूर्ण पान त्यात बसवले की १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ७ पॉइंटचे होते, आणि देवनागरीत वरची वेलांटी व खालचा उकार आधी हरवतो. दहा इंची टॅब्लेटवर तेच पान जवळपास मूळ मापात दिसते. बुकगंगासारख्या विक्रेत्यांची ई-पुस्तकेही त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचावी लागतात आणि किंडलवर ते अ‍ॅप चालत नाही.

म्हणून केवळ कादंबऱ्या आणि कथा घेऊन मुंबई-पुण्याच्या फेऱ्या करणाऱ्याला मी ई-रीडरच सुचवीन. वाचनात निम्मी पुस्तके स्कॅन केलेली असतील, तर टॅब्लेट घ्यावा आणि खिडकीपासून दूरची जागा पाहावी. दोन्हींत मन अडकलेच असेल, तर दुकानदाराची परवानगी घेऊन दोन्ही उपकरणे दाराबाहेरच्या उन्हात दोन मिनिटे धरून पाहावीत, आणि आपल्या मोबाइलमधील एखादे जुने मराठी पीडीएफ त्याच वेळी दोन्हींवर उघडून घ्यावे.