बटणांच्या कारखान्यातला सेंट

तांब्याचं जुनं नाणं तांदूळ ओढून घेतं, अशी थाप मारून ते लाखोंना गळ्यात मारायचा 'राइस पुलर'चा धंदा अजून चालतो. तांबं घरातल्या लोहचुंबकालाही दाद देत नाही, ते तांदळाला कुठून ओढणार! तांब्याच्या चकतीतली खरी गंमत वेगळीच आहे.

मे १८३७मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. लोकांनी नाणी दडवली, दुकानदारांकडे सुटे उरेनात. तेव्हा कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिलसारख्या कारखान्यांनी सेंटच्या, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाच्या नाण्याच्या मापाची तांब्याची टोकनं पाडली. काहींवर दुकानाचं नाव-पत्ता, तर काहींवर ठळक 'वन सेंट' आणि त्याच्या वर बारीक अक्षरात 'नॉट'! खोटं नाणं पाडल्याचा आळ नको, म्हणून ही पळवाट.

स्कोव्हिलचा मुख्य माल म्हणजे पितळी बटणं. पत्रा लाटायचा, चकत्या कापायच्या, ठसा मारायचा, मागे कडी डाखायची. कडी गाळून खालीही एक ठसा ठेवला की झालं टोकन.

मला भुरळ पडते ती इथल्या आगीची. ठसा पोलादाचा. तो मऊ असताना कोरायचा, मग लालबुंद तापवून एकदम थंड करायचा. कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत जागच्या जागी अडकतात आणि पोलाद कडक होतं. ते ठिसूळही होतं, म्हणून पुन्हा बेतानं तापवून थोडं नरमवतात. तांब्याचं नेमकं उलट. लाटताना त्याच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. हे सरकणं घडवणाऱ्या रेषीय दोषांना विस्थापनं म्हणतात. ती वाढत जाऊन एकमेकांत गुंततात, सरकणं अवघड होतं आणि पत्रा ताठर बनतो. तो तापवला की गुंता नसलेले नवे स्फटिक वाढतात, पत्रा पुन्हा मऊ होतो. मग पाण्यात बुडवला तरी तो मऊच राहतो. पुण्याच्या तांबट आळीत घागर ठोकून कडक करतात आणि भट्टीत घालून मऊ करतात, तेही याच न्यायानं.

अशी मऊ चकती ठशाखाली आली की तांबं अक्षरांच्या खाचांत शिरतं. हजारो घाव सोसून ठशाला तडा गेला, तर त्या फटीतही शिरतं आणि टोकनावर उंच रेघ उमटते. तडा वाढत जातो. त्यामुळे एकाच ठशाची दोन टोकनं शेजारी ठेवली, तर जिची रेघ लांब ती चकती नंतरची.