खिम्याचं पाणी, कोबीचा वास

खिमा-कोबी बहुतेकदा फसतो तो पाण्यामुळे. कढईत पडलेला खिमा दोन मिनिटांत करडा होतो, त्याला पाणी सुटतं आणि मग तो परतायचा राहतो, नुसता उकळत बसतो. त्यातच कोबी घातला की त्याचंही पाणी. पुढे गरम मसाला कितीही घाला, चव उकडलेल्या मटणाचीच लागते.

मांसात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असतं. अखंड तुकड्यात त्यातलं बरंचसं स्नायूंच्या तंतूंमध्ये धरलेलं राहतं. खिमा करताना तंतू जागोजागी तुटतात आणि तापून आकसले की पाणी भराभर बाहेर येतं. आता हिशोब बघा. एक ग्रॅम पाणी ३० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला मात्र सुमारे ५४०! गॅसची बहुतेक ताकद अशी वाफेत जाते आणि खिमा पाण्यात बुडालेला असेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. खमंगपणा येतो तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय माय्यार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ती जोमाने चालते साधारण १४० अंशांच्या पुढे.

म्हणूनच ‘तेल सुटेपर्यंत परता’ ही आपल्या घरांतली सूचना मला फार मोलाची वाटते. तेल कडेने वेगळं दिसलं, खदखद थांबून चरचर ऐकू आली, म्हणजे पाणी आटलं. आता तापमान वर चढणार. रुंद कढई, मोठी आच, झाकण नाही, आणि खिमा जास्त असेल तर दोन खेपांत. कुकरला लावलेला खिमा मऊ होतो, पण खमंग होत नाही. तिथे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं खरं, पण सगळं वाफेत आणि ओलसरच.

परदेशात हा पदार्थ गोमांसाच्या खिम्याचा करतात. महाराष्ट्रात गाय-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत घरी येतो तो बोकडाचा किंवा म्हशीचा खिमा. रसायनशास्त्र तेच.

कोबीची गोष्ट वेगळी. वाशीच्या बाजार समितीत नाशिक-पुण्याकडून येणारा हा गड्डा ९० टक्क्यांहून अधिक पाण्याचा असतो, आणि त्याच्या पेशींमध्ये गंधकयुक्त संयुगं आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळीवर चिरताना दोन्ही एकत्र येतात आणि तो झणझणीत, मोहरीसारखा वास सुटतो. किडींना दूर ठेवण्यासाठी झाडाने केलेली ही सोय! उष्णतेने विकर थंडावतं, पण कोबी फार वेळ शिजला तर गंधकाची संयुगं आणखी तुटतात, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू बाहेर पडतात आणि जिन्यापर्यंत कळतं की आज कोबी आहे. शिवाय क जीवनसत्त्व जातं ते वेगळंच. तेव्हा कोबी खिम्याला तेल सुटल्यावरच घालावा, पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर परतावा, चावताना किंचित करकरीत लागेल इतपतच. मीठ अगदी शेवटी, नाहीतर ते पानांतलं पाणी ओढून काढतं आणि पुन्हा सगळं ओलं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. अखंड तुकड्यावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिम्यात ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंशांना पोचायला हवा. नुसता तांबडा रंग गेला म्हणजे शिजला असं नाही, कारण तो रंग त्याआधीही जाऊ शकतो. गुठळ्या उलथन्याने फोडत राहा, म्हणजे आत कच्चं राहणार नाही. उरलेला खिमा-कोबी पावसाळ्यातल्या दमट हवेत ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करा.