सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर सरकारी यंत्रणेला कळवण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ग्राहकांकडे अधूनमधून सरकारी यंत्रणेचा एक फॉर्म येतो. कंपनीच्या सुरक्षा प्रमुखाचे नाव, हुद्दा, ईमेल आणि मोबाइल, तो न सापडल्यास कोणाला फोन करायचा त्याचा तपशील, कधी कधी घरचा पत्तासुद्धा. फॉर्म साधा दिसतो, म्हणून प्रशासन विभागातले कोणीतरी तो पाच मिनिटांत भरून टाकते. बँक खाते नाही, पगार नाही, आजारपणाची माहिती नाही. नाव आणि नंबर तर व्हिजिटिंग कार्डावरही छापलेले असतात, असा विचार त्यामागे असतो. हा विचार अपुरा आहे. एका ओळीचा धोका वेगळा आणि अशा हजारो ओळी एकत्र आल्या की होणारा धोका वेगळा. भरलेला फॉर्म कंपनीतून बाहेर पडतो तो अशाच एका यादीत जाऊन बसतो.

मागणी रास्त आहे

मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने महत्त्वाच्या पाइपलाइन कंपन्यांना आदेश दिला की आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास फोनवर सापडेल असा सायबर सुरक्षा समन्वयक नेमा आणि त्याची माहिती आम्हाला द्या. भारतात सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवण्याची अट घातली आणि त्यासोबत संपर्क व्यक्ती नेमून तिचा तपशील देणेही आले. युरोपीय संघाच्या एनआयएस-२ या सायबर सुरक्षाविषयक निर्देशानुसार महत्त्वाच्या क्षेत्रांतील संस्थांना ईमेल, फोन आणि आपल्या आयपी पत्त्यांच्या (इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांच्या) श्रेणीही कळवाव्या लागतात.

हल्ला चालू असताना नेमका माणूस लगेच फोनवर सापडला तर मोठे नुकसान टळू शकते. म्हणून ‘माहिती देऊच नका’ असा सल्ला आम्ही कधी देत नाही. जिथे कायद्याने बंधन आहे तिथे तर तो पर्यायच नाही. आपल्या हातात उरते ते एवढेच: काय द्यायचे, कोणत्या रूपात द्यायचे आणि देण्याआधी समोरच्याला काय विचारायचे. हे ठरवायला थोडा वेळ काढा, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

तेच रकाने, वेगळा धोका

अमेरिकेची मानक संस्था निस्ट हिने २०१० मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणावर एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातले एक उदाहरण आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. एका संस्थेकडे तीन याद्या आहेत. तिन्हींत नाव, पत्ता आणि फोन एवढेच रकाने. पहिली यादी वार्तापत्राच्या वर्गणीदारांची, दुसरी निवृत्तीच्या लाभांसाठी अर्ज केलेल्यांची आणि तिसरी ओळख लपवून काम करणाऱ्या पोलिसांची. रकाने तंतोतंत सारखे असले तरी तिसरी यादी बाहेर गेली तर जिवावर बेतू शकते. माहिती किती संवेदनशील आहे, हे ती कोणत्या संदर्भात ठेवली आहे यावरूनही ठरते.

उद्योगांच्या सुरक्षा संपर्कांची यादी पहिल्यापेक्षा तिसरीच्या जवळ जाते. कोणत्या कंपनीत सुरक्षेचा शेवटचा शब्द कोणाचा, तो रजेवर असला की कोण, रात्री कोणता फोन वाजतो, हे सगळे तिच्यात एका जागी आणि सरकारनेच खातरजमा केलेले असते. हल्लेखोराला एरवी हे तुकड्यातुकड्याने, अंदाजाने गोळा करावे लागते. यादी हाती आली की तो थेट त्या माणसाला यंत्रणेच्या नावाने फोन करू शकतो, त्याच्या मोबाइलचे सिम दुसऱ्याच्या नावावर वळवण्याचा प्रयत्न करू शकतो किंवा त्याच्यावर वैयक्तिक दबाव आणू शकतो. यातला शेवटचा धोका लोक विसरतात. नंबर कंपनीच्या कामासाठी दिलेला असतो, पण तो ज्याच्या खिशात वाजतो त्याला घरदार असते.

याद्या फुटल्या तेव्हा काय दिसले

अमेरिकेत एफबीआय आणि खासगी उद्योग यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून इन्फ्रागार्ड नावाचा उपक्रम चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या ८०,००० हून अधिक सदस्यांची संपर्क माहिती विक्रीला निघाल्याचे उघड झाले. बातम्यांनुसार हल्लेखोराने कुलूप फोडले नव्हते. एका वित्तीय कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने त्याने सदस्यत्वासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला आणि आत गेल्यावर सदस्यांची माहिती त्याने छोट्या प्रोग्रॅमच्या मदतीने उपसली. याच घटनेत एक दिलासादायक गोष्टही होती. जन्मतारीख आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे रकाने त्या यंत्रणेत होते, पण सुरक्षेच्याच क्षेत्रात काम करणाऱ्या सदस्यांनी ते रिकामे ठेवले होते. जे दिलेच नव्हते ते चोरीला जाऊ शकले नाही.

दुसरी घटना आम्हाला जास्त अस्वस्थ करते. धोकादायक रसायने बाळगणाऱ्या कारखान्यांची सुरक्षाविषयक माहिती अमेरिकेची सायबर सुरक्षा यंत्रणा सिसा एका ऑनलाइन प्रणालीत गोळा करत असे. ज्या कायद्याच्या आधारे हे चालत होते त्याची मुदत २८ जुलै २०२३ रोजी संपली. माहिती मात्र प्रणालीत तशीच राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या प्रणालीत घुसखोरी झाली. माहिती बाहेर नेल्याचा पुरावा सापडला नाही, पण ती पाहिली गेली असण्याची शक्यता सिसाने स्वतःच कळवली. खातेधारकांची नावे, हुद्दे, कार्यालयाचे पत्ते आणि फोन त्यात होते. पार्श्वभूमी तपासणीसाठी ज्या कर्मचाऱ्यांची नावे कंपन्यांनी पाठवली होती, त्यांचे पत्ते किंवा फोन सिसाकडे नव्हतेच. त्यामुळे त्यांना ही बातमी थेट देता येईना, आणि कंपन्यांनीच ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचवावी असे सिसाने सुचवले. कोणाची कोणती माहिती कधी पाठवली याची नोंद ज्या कंपनीकडे नसेल, तिने अशा वेळी कोणाला कळवायचे?

देण्याआधी काय विचारावे

पहिला प्रश्न कायदेशीर आधाराचा: ही माहिती देणे बंधनकारक आहे की ऐच्छिक, आणि कोणत्या कायद्यानुसार? अमेरिकेत १९७४ चा प्रायव्हसी अ‍ॅक्ट जिथे लागू होतो तिथे अधिकार, हेतू, माहितीचा वापर आणि ती न दिल्यास होणारा परिणाम हे फॉर्मवरच किंवा सोबतच्या कागदावर सांगावे लागते. इतर देशांतही हे विचारायला कोणी अडवत नाही. फॉर्मवर असे काहीच नसेल तर लेखी विचारा. आमचा अनुभव असा की नम्रपणे विचारले तर बहुतेक अधिकारी उत्तर देतात, आणि निम्मे रकाने ऐच्छिक होते हे तेव्हा कळते.

दुसरा प्रश्न वापराचा, आणि यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. आणीबाणीत फोन करण्यासाठी घेतलेला नंबर उद्या तपासणीसाठी, दंडाच्या नोटिशीसाठी किंवा दुसऱ्या खात्याच्या चौकशीसाठी वापरला जाईल का? यादी कंत्राटदाराला, इतर यंत्रणांना किंवा परदेशी सरकारला दिली जाईल का? माहिती अधिकारात कोणी यादी मागितली तर ती द्यावी लागेल का? अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात व्यक्तिगत गोपनीयतेसाठी अपवाद आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, प्रत्येक वेळी सार्वजनिक हिताशी तोलला जातो. ‘फक्त अंतर्गत वापरासाठी’ या तीन शब्दांवर समाधान मानू नका. त्या आत कोण कोण येते, हे विचारा.

यंत्रणेने गोपनीयता परिणाम मूल्यांकन, म्हणजे ही माहिती गोळा केल्याने लोकांच्या गोपनीयतेला काय धोका होईल याची तपासणी, केले आहे का, हेही विचारा. अमेरिकेत ई-गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट २००२ च्या कलम २०८ नुसार जनतेची व्यक्तिगत माहिती गोळा करणाऱ्या केंद्रीय प्रणालींना ते करावे लागते आणि शक्य असेल तेव्हा जाहीर करावे लागते. युरोपात मोठी जोखीम असलेल्या प्रक्रियेसाठी असे मूल्यांकन करायला जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याचे कलम ३५ सांगते. असा दस्तऐवज मिळाला तर पहिले पान सोडून माहिती किती काळ ठेवणार आणि कोण पाहू शकणार हे भाग आधी वाचा. ते मोघम असतील तर मूल्यांकन उरकण्यासाठी केले आहे असे समजायला हरकत नाही.

‘ही तर कामाची माहिती, व्यक्तिगत नव्हे’ असे उत्तर कधी मिळते. कॅनडाच्या खासगी क्षेत्राच्या कायद्यात तशी सूट आहे, पण ती त्या व्यक्तीशी कामाच्या संदर्भात संपर्क साधण्यापुरतीच. जीडीपीआरमध्ये नाव असलेला ऑफिसचा ईमेलही व्यक्तिगत माहितीच ठरतो.

माणसाऐवजी जबाबदारी कळवा

शक्य असेल तिथे व्यक्तीचा ईमेल न देता जबाबदारीच्या नावाचा द्या. सुरक्षेसाठी, गैरवापराच्या तक्रारींसाठी, नेटवर्कसाठी ठरलेल्या नावांचे ईमेल असावेत ही शिफारस इंटरनेटच्या मानकांत १९९७ पासून आहे. त्याच धर्तीवर एक ड्युटी फोन ठेवा. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे तो असतो आणि सुटीवर जाताना तो पुढच्याच्या हाती दिला जातो. यंत्रणेला हवा असतो तो चोवीस तास मिळणारा प्रतिसाद, आणि एका माणसाच्या मोबाइलपेक्षा तो अशाने जास्त खात्रीने मिळतो. नाव देणे सक्तीचे असेल तर नाव आणि हुद्दा द्या, सोबत नंबर ड्युटी फोनचा. घरचा पत्ता, जन्मतारीख, खासगी मोबाइल हे रकाने यंत्रणेने कायद्याचे कलम दाखवल्याशिवाय भरू नका.

जुनी माहिती हाही गोपनीयतेचाच धोका आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर तुमच्या प्रणालीतल्या त्रुटीचा इशारा जात राहिला तर तुमची गुप्त गोष्ट बाहेरच्याला कळते, त्याला नको असलेले ओझे मिळते आणि तुम्हाला इशारा मिळतच नाही. एनआयएस-२ मध्ये बदल दोन आठवड्यांच्या आत कळवण्याची मुदत आहे. बंधन नसले तरी तीच मुदत पाळा. नोकरी सोडणाऱ्याच्या निरोपाच्या कागदपत्रांत ‘सरकारी याद्यांतून नाव काढणे’ ही ओळ घाला.

ज्याचे नाव जाते त्याला आधी सांगा. कोणाला, कशासाठी, किती काळ, हे त्याला कळायला हवे आणि हरकत घेण्याची संधी मिळायला हवी. कोणाला पूर्वी छळाचा, पाठलागाचा अनुभव आलेला असतो आणि तो हे ऑफिसात सांगत नाही. त्याने ‘माझे नाव नको’ म्हटले तर कारण न विचारता दुसरे नाव द्या.

यंत्रणेच्या नावाने येणारा प्रत्येक फोन संशयाने घ्या. यादी फुटली असेल तर बोलणाऱ्याला तुमचे नाव, हुद्दा आणि संदर्भ सगळे ठाऊक असेल, त्यामुळे ते माहीत असणे हा ओळखीचा पुरावा नाही. फोन ठेवा आणि यंत्रणेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून उलट फोन करा. खरा अधिकारी यावर रागावत नाही.

भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत, तारीख, पाठवण्याचा मार्ग आणि कोणाचे नाव गेले हे एका वहीत किंवा फाइलमध्ये ठेवा. फॉर्म साध्या ईमेलला जोडून पाठवू नका. सुरक्षित पोर्टल आहे का विचारा, नसेल तर फाइलला पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा.

नवा फॉर्म आला की भरण्याआधी त्याची कोरी प्रत आमच्याकडे पाठवा. कोणता रकाना सक्तीचा, कोणता ऐच्छिक आणि कोणत्या ठिकाणी ड्युटी फोन चालेल, हे खुणा करून आम्ही परत देतो. यंत्रणेला विचारायच्या प्रश्नांचे पत्रही तयार करून देतो, ते मात्र तुमच्या सहीने जायला हवे.