पेलाभर पाणी आणि चार थेंब नेलपॉलिश

नेलपॉलिशचा एक थेंब पाण्यावर सोडला की क्षणात पसरून त्याचं पातळ वर्तुळ होतं. त्याच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा थेंब सोडला की आधीचं वर्तुळ बाहेर सरकतं. असे पाच-सहा थेंब टाकायचे, टूथपिकच्या टोकाने त्यांत रेषा ओढायच्या आणि ती नक्षी नखावर उचलून घ्यायची. याला वॉटर मार्बल म्हणतात. घरी करता येण्यासारख्या नेल आर्टमध्ये याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, आणि इतकं हमखास फसणारंही नाही. मात्र फसण्याची कारणं ठरावीक आहेत, आणि त्यांतली बहुतेक बाटलीतल्या द्रावकापाशी येऊन पोचतात.

साध्या नेलपॉलिशमध्ये पापुद्रा धरतो तो नायट्रोसेल्युलोजचा. ते विरघळलेलं असतं मुख्यतः एथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट या दोन द्रावकांत. पहिलं ७७ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं १२६ अंशांना. म्हणून पहिलं भराभर उडून जातं आणि दुसरं रेंगाळतं, त्यामुळे ब्रशच्या रेघा सपाट व्हायला वेळ मिळतो. शिवाय पापुद्रा लवचीक ठेवणारी द्रव्यं, नखाला चिकटून राहणारं रेझिन, रंगद्रव्यं आणि ती तळाशी बसू नयेत म्हणून थोडी खास माती असते. नेलपॉलिश वाळतं तेव्हा त्यात कसलीही रासायनिक क्रिया घडत नाही. द्रावक उडतं, बाकीचं मागे राहतं, इतकंच.

आता पाणी. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर या द्रावकांचा २५ च्या आसपास. थेंब पडतो तिथला ताण उतरतो आणि भोवतालचा जास्त ताणलेला पृष्ठभाग रंगाला सगळ्या बाजूंनी आपल्याकडे ओढतो. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी १८६५ साली याच परिणामाचा अभ्यास मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. पाण्यावरची रंगीत नक्षी कागदावर उचलून घेणाऱ्या तुर्की एब्रू कलेत रंग पाण्यावर पसरावेत म्हणून त्यांत बैलाचं पित्त घालतात. ते साबणासारखं ताण उतरवतं. सतराव्या शतकात विजापुरात अब्री कागदांची जी अप्रतिम चित्रं घडली, तीही तरंगत्या रंगांचीच कला. नेलपॉलिशला वेगळं काही घालावं लागत नाही, कारण ताण उतरवणारं द्रव्य त्याच्यातच आहे.

यातूनच पहिला नियम निघतो: पेल्याला साबणाचा अंश नको. साबणाने घासून नीट न खळबळलेल्या वाटीत पाण्याचा ताण आधीच उतरलेला असतो. ओढायला कोणी उरलं नाही की थेंब गोळा होऊन बसतो किंवा तळाला जातो. म्हणून नवा कागदी पेला उत्तम, १०० ते १५० मिलिलिटरचा. काठापासून सेंटिमीटरभर रिकामा ठेवून गाळलेलं पाणी भरा. पाणी २५ अंशांच्या आसपासचं हवं. थंडीतलं नळाचं किंवा माठातलं गार पाणी चालत नाही, त्यात रंग जेमतेम पसरतो; कोमट पाण्यावर रेषा ओढायच्या आतच वाळतो.

नखांची तयारी आधी उरकायची. नख पाणी शोषून फुगतं आणि वाळताना पुन्हा आकसतं. भांडी घासून लगेच रंग लावला तर खालचं नख आकसतं आणि वरचा पापुद्रा कडेने सुटतो. तासभर जाऊ द्या, मग रिमूव्हरच्या बोळ्याने तेलकटपणा पुसा. एक बेस कोट, त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात. मार्बलचा थर इतका पातळ असतो की खाली पांढरं नसेल तर रंग मरगळतात. अर्धा तास वाळू द्या. नखाभोवतीच्या त्वचेला चिकटपट्टी लावा.

बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवा. ब्रश पाण्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरून थेंब अलगद सोडा. उंचावरून पडलेला थेंब पृष्ठभाग फोडून बुडतो. सगळ्यांत बाहेरचं वर्तुळ पेल्याला चिकटून आधी वाळतं, त्याला टूथपिक लावलं की अख्खी नक्षी ओढली जाते. रेषा दुसऱ्या वर्तुळापासून सुरू करा आणि दर रेषेनंतर टोक पुसा. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. नख पाण्याला जवळजवळ समांतर धरून बुडवा आणि बोट पाण्यातच ठेवा. वर उरलेला पापुद्रा दुसऱ्या टूथपिकवर गुंडाळून काढा, मगच बोट बाहेर घ्या. ही पायरी गाळली तर बोट वर येताना उरलेला रंग नक्षीवर दुसरा थर होऊन बसतो.

दोन-तीन बोटं छान होतात आणि मग रंग पसरेनासा होतो, हे अनेकांना कोडं वाटतं. एथिल ॲसिटेट पाण्यात थोडं विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ८ ग्रॅमपर्यंत. दर थेंबागणिक त्याचा अंश पाण्यात उतरतो आणि पाण्याचा ताण खाली येत जातो. दोन बोटांनंतर पाणी बदलणं हाच उपाय. जुनी, दाट झालेली बाटली मार्बलला घेऊ नका. एरवी वापरायची असेल तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब घाला, रिमूव्हर नको: त्यात बहुधा पाणी आणि तेलं असतात, त्यांनी पापुद्रा दुबळा होतो.

टॉप कोटची, म्हणजे सगळ्यांत वर लावायच्या पारदर्शक थराची, गंमत वेगळी. पापुद्रा निव्वळ द्रावक उडून बनलेला असल्यामुळे नवं द्रावक लागताच तो पुन्हा विरघळू लागतो. रिमूव्हर चालतो तो यामुळे, आणि टॉप कोट लावताना नक्षी फरफटते तीही यामुळेच. पाणी टिपून दहा मिनिटं थांबा. मग ब्रशवर भरपूर टॉप कोट घ्या आणि ब्रशचे केस नखाला न टेकवता त्याचा थेंबच नखावरून पुढे सरकवत न्या. नखाची पुढची कडही त्याने बंद करा, टवके तिथूनच उडायला लागतात. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवल्याने वरचा भाग घट्ट लागतो, पण आतलं द्रावक उडायचं थांबतं; झोपेत चादरीची वीण नखावर उमटते ती अशा अर्धवट वाळलेल्या थरांवर.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात टॉप कोटवर कधी पांढुरकी झाक येते. द्रावक झपाट्याने उडताना थर गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि नायट्रोसेल्युलोज नीट पारदर्शक बसत नाही. जोरात पंखा लावला तर हे वाढतं. पंखा बंद करा, थर पातळ लावा. खिडकी मात्र उघडी हवी, आणि शेजारी निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नको, कारण या वाफा चटकन पेट घेतात.

जेल पॉलिशला यातलं काही लागू नाही. ते दिव्याच्या अतिनील प्रकाशात रासायनिक क्रियेने घट्ट होतं. त्यातली ॲक्रिलेट द्रव्यं कच्ची राहून त्वचेला लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. युरोपीय संघात त्यांतलं हेमा हे द्रव्य व्यावसायिक वापरापुरतंच मर्यादित आहे. घरच्या हौसेला साधं नेलपॉलिशच बरं.

नक्षी काढताना ॲसिटोनचा बोळा नखावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग टोकाच्या दिशेने एकदाच ओढा. नंतर हात धुऊन खोबरेल तेल लावा. पेल्यातला रंगाचा पापुद्रा बेसिनमध्ये ओतू नका, जाळीला चिकटतो. टूथपिकवर गुंडाळून सुकल्यावर कचऱ्यात टाका.